२१४७४८३६४७ : एक मोठी मूळ संख्या स्वतः पडताळून पाहण्याची रीत

मूळ संख्येची व्याख्या शाळेत एका ओळीत पाठ होते, पण दहा अंकी संख्या समोर ठेवून ‘ही मूळ आहे हे दाखवा’ असे कोणी म्हटले की त्या एका ओळीचा फारसा उपयोग होत नाही. भागत सुटावे तर कुठपर्यंत भागायचे ते कळत नाही, आणि संगणकाला विचारावे तर तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो आणि आपण होतो तिथेच राहतो. हा लेख त्या मधल्या जागेसाठी आहे. २१४७४८३६४७ ही एकच संख्या घेऊन ती मूळ आहे हे तीन वेगवेगळ्या वाटांनी कसे तपासायचे, आणि तपासताना तिचे कोणते गुणधर्म हाती लागतात, हे येथे क्रमाने सांगितले आहे. गुणाकार, भागाकार, बाकी आणि घातांक यांची ओळख एवढीच पूर्वतयारी धरली आहे. कागद-पेन्सिल हवी, साधा कॅल्क्युलेटर असला तर बरे, आणि शेवटच्या काही पायऱ्यांसाठी पायथनसारखी एखादी संगणकभाषा चालवता आली तर सोय होईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मोठी मूळ संख्या ओळखायची असेल तर नुसते तिच्याकडे टक लावून पाहू नये, तिच्या दोन्ही शेजाऱ्यांची चौकशी करावी. तिच्याहून एकने लहान आणि एकने मोठी अशा या दोन संख्यांचे अवयव ठाऊक असले, तर मधली संख्या स्वतःबद्दल बरेच काही सांगून टाकते.

पहिली पायरी : संख्या नीट वाचा आणि शेजारी लिहून काढा

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की संख्या २,१४,७४,८३,६४७ अशी दिसते, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. तिला या लेखात ‘म’ म्हणू. २ चा ३१ वा घात आपण २^३१ असा लिहू; त्यातून १ वजा केला की म मिळतो, म्हणजे म = २^३१ − १. द्विमान पद्धतीत ती एकापुढे एक ठेवलेल्या एकतीस एकांची संख्या आहे.

मोठा शेजारी म + १ लगेच सुटतो: तो २^३१ आहे, त्यात २ शिवाय दुसरा कोणताही मूळ अवयव नाही. धाकटा शेजारी म − १ थोडी मेहनत मागतो. म − १ = २^३१ − २ = २ × (२^३० − १), आणि २^३० − १ ही दोन वर्गांची वजाबाकी असल्यामुळे ती (२^१५ − १) × (२^१५ + १), म्हणजे ३२७६७ × ३२७६९ अशी फुटते. ३२७६७ = ७ × ३१ × १५१ आणि ३२७६९ = ३ × ३ × ११ × ३३१. म्हणून म − १ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. हे गुणाकार एकदा स्वतः करून पाहा आणि ही ओळ कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. ती पुन्हा लागणार आहे.

वाचता वाचताच काही गोष्टी उघड होतात. म च्या अंकांची बेरीज ४६ आहे, म्हणून ९ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि धाकट्या शेजाऱ्यात दोन ३ का सापडले ते येथेच कळते. ८ ने भागल्यावर म ची बाकी ७ आहे. ८ ने भागून ७ बाकी उरणारी कोणतीही संख्या तीन पूर्ण वर्गांच्या बेरजेने लिहिता येत नाही, चारच लागतात. तेव्हा म चे असे तुकडे पाडायचा खेळ कोणी सुचवला तर तीन वर्गांचा शोध घेण्यात वेळ घालवू नये.

दुसरी पायरी : घातांकाची परीक्षा, आणि ती पुरेशी का नाही

२ च्या घातातून १ वजा करून मिळालेल्या संख्येला मर्सेन संख्या म्हणतात. सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्यावरून हे नाव पडले. अशी संख्या मूळ असायची तर तिचा घातांक मूळ असलाच पाहिजे. घातांक ३० सारखा संयुक्त असेल, तर त्याच्या प्रत्येक विभाजकाबरोबर एक अवयव आयता मिळतो: ३० ला ५ ने भाग जातो, म्हणून २^३० − १ ला २^५ − १ ने, म्हणजे ३१ ने, भाग जातो. आपला घातांक ३१ हा मूळ आहे, तेव्हा पहिला अडथळा पार झाला.

नवखा वाचक नेमका येथे फसतो. घातांक मूळ असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. २^११ − १ = २०४७ ही संख्या २३ × ८९ आहे, आणि पुढेही २^२३ − १ ला ४७ ने व २^२९ − १ ला २३३ ने भाग जातो. बोलोन्याचे पिएत्रो काताल्दी यांनी २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या मूळ असल्याचे खरोखर भागून दाखवले होते, पण १६०३ साली छापलेल्या ग्रंथात त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही त्याच यादीत घातले. त्या चारांपैकी फक्त ३१ बरोबर निघाला. मर्सेन यांच्या १६४४ च्या यादीत ३१ होता, मात्र ६७ आणि २५७ हे चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ हे राहून गेले होते. दोघांनीही ३१ बद्दल बरोबर उत्तर दिले, पण पुरावा कोणीच दिला नव्हता. उत्तर आणि पुरावा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या विषयात पदोपदी आठवावे लागते.

तिसरी पायरी : भागायचे कशाने ते आधी ठरवा

म संयुक्त असेल तर त्याचा निदान एक मूळ विभाजक म च्या वर्गमूळापेक्षा मोठा नसणार. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आणि ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ येतो, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरे. पण तिथपर्यंत सुमारे चार हजार आठशे मूळ संख्या आहेत. एका भागाकाराला पाच मिनिटे धरली तरी चारशे तास होतात, आणि त्यात एकही चूक होता कामा नये. काताल्दी यांनी २^१९ − १ साठी हीच वाट धरली होती आणि तिथे ती चालून गेली, कारण ५२४२८७ चे वर्गमूळ ७२४ च्या आसपास आहे.

येथे दोन चाळण्या लावाव्यात. या पायरीवर घाई करू नका, लेखाचा गाभा येथे आहे.

समजा ‘व’ ही मूळ संख्या म ला भागते. मग २^३१ ला व ने भागल्यावर बाकी १ उरते. २ चे घात एकामागून एक घेत त्यांना व ने भागत गेलो, तर बाक्यांचे एक चक्र सुरू होते, आणि बाकी १ पहिल्यांदा जिथे येते ती त्या चक्राची लांबी. या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे. ३१ मूळ असल्यामुळे ती १ किंवा ३१ असणार. १ असती तर २ ची बाकीच १ आली असती, ते शक्य नाही. म्हणून चक्राची लांबी नेमकी ३१ आहे. आता फर्मा यांचा सिद्धांत सांगतो की २ च्या (व − १) व्या घाताची बाकीसुद्धा १ असते, तेव्हा ३१ ने व − १ ला भाग गेलाच पाहिजे. व विषम असल्यामुळे व − १ सम आहे. निष्कर्ष असा, की व ला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे.

दुसरी चाळणी मोठ्या शेजाऱ्याकडून मिळते. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे व ने भागण्याच्या हिशेबात २ ही संख्या एका पूर्ण वर्गाची बाकी म्हणून मिळते. असे फक्त ज्या मूळ संख्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते त्यांच्याच बाबतीत घडते. हा संख्यासिद्धांतातील जुना आणि पक्का नियम आहे. सध्या तो मानून चालावे आणि ७, १७, २३ या संख्यांवर करून पाहावा.

दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की विभाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ हीच उरू शकते. २४९, ४९७, ७४५ अशी एक माळ आणि ३११, ५५९, ८०७ अशी दुसरी. ४६३४० पर्यंत पहिल्या माळेत १८६ संख्या आहेत आणि दुसऱ्या माळेत, ६३ स्वतः संयुक्त म्हणून वगळली तर, तितक्याच. एकूण ३७२. त्यांतल्या बऱ्याचशा उघड संयुक्त आहेत: २४९ ला ३ ने, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने भाग जातो. खरोखर भागून पाहण्याजोग्या मूळ संख्या ऐंशीच्या आसपास उरतात, आणि चारशे तासांचे काम एका दिवसावर येते.

भागाकारही दहा अंकी संख्येचा करायचे कारण नाही. पहिली उमेदवार ३११ घ्या. २^८ = २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी, तेव्हा बाकी −५५ धरू. तिचा वर्ग ३०२५; त्यातून ३११ × १० = ३११० वजा केले की −८५. ही झाली २^१६ ची बाकी. या दोघांचा गुणाकार ८५ × ५५ = ४६७५, आणि ३११ × १५ = ४६६५ काढून टाकल्यावर २^२४ ची बाकी १०. आता २^७ = १२८ ने गुणले की १२८०, त्यातून १२४४ वजा केले की ३६. म्हणजे २^३१ ची बाकी ३६ आणि म ची ३५. शून्य नाही, ३११ बाद.

पुढच्या उमेदवार १३०३ आणि १४८९. त्यांतली १४८९ मोठी सोयीची आहे. २^१० = १०२४ ची बाकी −४६५, २^२० ची ३२०, आणि ३२० × ४६५ = १४८८००, जे १४८९ च्या शंभरपटीला, म्हणजे १४८९०० ला, शंभरच कमी आहे. म्हणून २^३० ची बाकी १००, २^३१ ची २०० आणि म ची १९९. १३०३ ने भागल्यावर म ची बाकी २२६ येते. ते आपण करून पाहावे, आणि त्यानंतर २५४३ घ्यावी.

ऐंशी भागाकार कोणीच करणार नाही असे वाटत असेल, तर हे काम एकदा असेच झालेले आहे. लिओनार्ड ऑयलर यांनी याच दोन माळा वापरून म मूळ असल्याचे दाखवले आणि १७७२ मध्ये बर्नोली यांना लिहिलेल्या पत्रातून ते कळवले. त्या वेळी ते सेंट पीटर्सबर्गला होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. ज्ञात मूळ संख्यांमध्ये सर्वांत मोठी हा मान त्यानंतर अनेक दशके म कडे राहिला.

या चाळणीची धार पाहायची असेल तर ती काताल्दी यांच्या चुकलेल्या घातांकांवर लावावी. ३७ साठी विभाजक ७४ च्या पटीत एक मिळवलेले हवेत: ७५, १४९, २२३. पहिली संयुक्त आहे, दुसरीला ८ ने भागल्यावर बाकी ५ येते, आणि तिसरी, २२३, हीच २^३७ − १ ला भागते. पिएर द फर्मा यांना ती सापडली ती याच विचाराने.

चौथी पायरी : भागाकार न करता निर्णय

विभाजक शोधून न सापडणे हा एक प्रकारचा पुरावा झाला. दुसऱ्या प्रकारात विभाजकांकडे पाहावेच लागत नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८७८ च्या सुमारास मांडलेली आणि अमेरिकन गणिती डेरिक लेमर यांनी १९३० मध्ये नीट बसवलेली ही कसोटी फक्त मर्सेन संख्यांसाठी आहे, आणि कृतीला ती आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे.

४ पासून सुरुवात करा. दर वेळी हातातल्या संख्येचा वर्ग करा, २ वजा करा आणि मर्सेन संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर शून्य आले तर मर्सेन संख्या मूळ. न आले तर संयुक्त. घातांक २ सोडून इतर सर्व मूळ घातांकांना हे लागू आहे.

आधी लहान संख्येवर हात बसवा. ३१ म्हणजे २^५ − १, तेव्हा तीन वेळा: ४ वरून १४, १४ वरून १९४, ज्याची बाकी ८, ८ वरून ६२, ज्याची बाकी ०. ३१ मूळ. १२७ म्हणजे २^७ − १, तेव्हा पाच वेळा: ४, १४, ६७, ४२, १११, आणि १११ च्या वर्गातून २ वजा केले की १२३१९, जे १२७ × ९७ आहे, म्हणजे शून्य. उलट २०४७ साठी नऊ वेळा केल्यावर १७३६ उरते, शून्य नाही. २३ आणि ८९ चे नावही न घेता ती संयुक्त ठरली.

येथे मोठ्या शेजाऱ्याचा आणखी एक फायदा कळतो. बाकी काढायला भागाकार लागतच नाही. ३१ च्या हिशेबात ३२ म्हणजे १, म्हणून १९४ = ६ × ३२ + २ ची बाकी ६ + २ = ८. म च्या हिशेबात २^३१ म्हणजे १, म्हणून संख्या द्विमानात लिहून शेवटचे ३१ अंक वेगळे काढायचे आणि उरलेला डावा तुकडा त्यांत मिळवायचा. संगणकाला ही नुसती बेरीज आहे. आजचे प्रचंड मोठे मूळ घातांक तपासता येतात त्यामागे ही सोय आहे.

म साठी फेऱ्या एकोणतीस. सुरुवात ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ अशी होते आणि पाचव्या फेरीपासून बाकी घ्यावी लागते. ती ६६९६७०८३८ येते. पुढच्या फेऱ्या संगणकावर कराव्यात. अठ्ठाविसाव्या फेरीला हातात ६५५३६ येते, म्हणजे नेमका २^१६. त्याचा वर्ग २^३२, त्यातून २ वजा केले की २^३२ − २, म्हणजे म ची दुप्पट, आणि एकोणतिसावी बाकी शून्य. १२७ च्या वेळी शेवटून दुसरी संख्या १११ होती, म्हणजे १२७ ला १६ कमी, आणि १६ = २^४. ३१ च्या वेळी ती ८ होती. म्हणजे शून्याच्या आधी २ चा एखादा घात, कधी उणे चिन्हासह, उभा असतोच. आपला हिशेब बरोबर चालला आहे का हे तपासायला यासारखी खूण नाही.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. हा हिशेब स्प्रेडशीटमध्ये करू नये. तिथे साधारण पंधरा अंकांपर्यंतच संख्या अचूक राहते, आणि दहा अंकी संख्येचा वर्ग एकोणीस अंकांपर्यंत जातो. मागचे अंक गुपचूप शून्य होतात आणि पुढची प्रत्येक बाकी चुकते, पण पडद्यावर तसे काहीच दिसत नाही. माझी पहिली खटपट अशीच वाया गेली होती. एकोणतिसाव्या फेरीला शून्य येईना आणि मी संध्याकाळभर गणितात चूक शोधत बसलो, चूक रकान्यात होती. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक राहतो. सी भाषेत ६४ बिटांचा पूर्णांक घेतला तरी चालते, कारण म पेक्षा लहान संख्येचा वर्ग २^६२ च्या आत राहतो. ३२ बिटांचा घेतला तर मात्र दुसऱ्याच काही संख्या हाती येतील.

पाचवी पायरी : धाकट्या शेजाऱ्याकडून पुरावा

आता कागदाच्या कोपऱ्यातली ओळ काढा: म − १ चे वेगवेगळे मूळ अवयव २, ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१, एकूण सात. ल्यूका यांचाच आणखी एक निकष असा आहे. एखादी संख्या ‘अ’ अशी सापडली, की अ चा (म − १) वा घात म ने भागून बाकी १ देतो, पण या सातांपैकी कोणत्याही अवयवाने म − १ ला भागून आलेला घातांक घेतला तर बाकी १ येत नाही, तर म मूळच असतो. कारण अशा अ चे बाक्यांचे चक्र पूर्ण म − १ लांबीचे असते, आणि संयुक्त संख्येला एवढे लांब चक्र परवडत नाही.

अ म्हणून २ घेऊन पाहण्याचा मोह होतो. २ चे चक्र अवघ्या ३१ लांबीचे आहे, हे आपण वर पाहिले, तेव्हा ती कामाची नाही. उलट २ घेऊन फक्त पहिली अट तपासली आणि ‘बाकी १ आली, म्हणजे मूळ’ असे ठरवले, तर तीच परीक्षा २०४७ सुद्धा पास होते: २०४६ ला ११ ने भाग जातो, म्हणून २ च्या २०४६ व्या घाताची बाकी १ येणारच. मूळ घातांकाची प्रत्येक मर्सेन संख्या ही परीक्षा पास होते, संयुक्त असली तरी. तयार प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी तो आत कोणता आधार घेतो ते एकदा उघडून पाहावे.

३, ५ आणि ६ या संख्याही सातांपैकी कुठे ना कुठे अडकतात. पहिली यशस्वी संख्या ७ आहे. पायथनमधल्या ‘पॉव’ या फंक्शनला पाया, घातांक आणि भाजक असे तीन आकडे दिले की बाकी थेट मिळते. सात अवयवांसाठी सात वेळा आणि पूर्ण घातांकासाठी एकदा, अशा आठ ओळींत पुरावा पुरा होतो. ७ अडकली नाही याचा अर्थ असा, की ७, ७^२, ७^३ असे घात घेत गेल्यास १ पासून म − १ पर्यंतची प्रत्येक संख्या बाकी म्हणून एकदाच येते आणि मगच चक्र फिरते. असे पूर्ण चक्र देणाऱ्या संख्या म च्या खाली ५३,४६,००,००० आहेत, म्हणजे साधारण चारात एक. लहान संख्यांत ७ पर्यंत वाट पाहावी लागली हा योगायोग.

२००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येला लागू पडणारी, खात्रीची आणि तत्त्वतः जलद अशी कसोटी दिली, आणि ती सैद्धांतिकदृष्ट्या फार मोठी गोष्ट आहे. पण ज्या संख्येचा शेजारी इतका बोलका आहे तिथे वरच्या दोन कसोट्याच हाती घ्याव्यात.

सहावी पायरी : हे गुणधर्म कुठे कामाला येतात ते पाहा

सर्वांत जुना उपयोग युक्लिड यांच्या काळचा. २^३१ − १ मूळ असल्यामुळे २^३० × म ही परिपूर्ण संख्या आहे, म्हणजे स्वतःला सोडून तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते. ती २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ आहे. इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहून ठेवले, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा पुढची शोधायची तसदी कोण घेईल. २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येला चार कोटींहून अधिक अंक आहेत.

पूर्ण चक्राचा उपयोग यादृच्छिक भासणाऱ्या संख्या तयार करण्यासाठी होतो. हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणायचे आणि म ने भागून बाकी घ्यायची. १६८०७ म्हणजे ७^५, आणि ५ ने म − १ ला भाग जात नसल्यामुळे तिचेही चक्र पूर्ण लांबीचे आहे. १ पासून सुरुवात केली की १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८ असा क्रम येतो. आपण लिहिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे का हे पाहायला दहाहजारावी संख्या काढावी. ती १०४३६१८०६५ आली पाहिजे. ही पद्धत शिकण्यासाठी आणि साध्या नमुनाचाचणीसाठी ठीक आहे, पासवर्ड किंवा गुप्त किल्ली तयार करण्यासाठी कधीही वापरू नये, कारण एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

मोठा शेजारी अलीकडे पुन्हा मागणीत आला आहे. काही हिशेबांत एखादे चक्र दर वेळी निम्मे निम्मे करता आले तर फार वेग मिळतो. म − १ मध्ये २ एकदाच येतो, त्यामुळे तिथे एका निम्म्यानंतर वाट संपते. पण म च्या हिशेबात ज्यांच्या वर्गांची बेरीज १ येते अशा क्ष-य जोड्या मोजल्या तर त्या बरोबर म + १, म्हणजे २^३१ भरतात, आणि त्या एकतीस वेळा निम्म्या करता येतात. लहान प्रमाणावर ७ घेऊन मोजा: ० आणि ±१ यांच्या चार जोड्या, आणि २ चा वर्ग अधिक २ चा वर्ग म्हणजे ८, ज्याची बाकी १, म्हणून ±२ च्या चार. एकूण आठ, म्हणजे ७ + १. संगणकीय पुराव्यांच्या नव्या पद्धतींत म ला पसंती मिळते ती या वर्तुळामुळे.

संगणकाच्या ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल किंमतही म हीच आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात साठवणाऱ्या यंत्रणांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांना संपेल. तिथे मात्र म मूळ असण्याचा काही संबंध नाही. ३१ बिट भरले एवढेच. दोन गोष्टींची गल्लत करणारे लिखाण पुष्कळ आढळते म्हणून हे सांगितले.

शेवटची पायरी : स्वतःच्या बळावर एक पडताळणी

३ हा मर्सेन घातांक, २^३ − १ = ७, आणि २^७ − १ = १२७ मूळ. ५ हा मर्सेन घातांक, २^५ − १ = ३१, आणि २^३१ − १ मूळ, तोच आपला म. १२७ घातांक घेतला तरी मूळ संख्या मिळते. मग म हाच घातांक घेतला तर? २^म − १ या संख्येला ६४ कोटींहून जास्त अंक आहेत, ती लिहून काढायचा प्रश्नच नाही. पण तिसऱ्या पायरीतल्या चाळण्या तशाच लागू पडतात: तिच्या विभाजकातून १ वजा केला तर २ × म ने भाग गेला पाहिजे, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यायला हवी.

आता २९५२५७५२६६२६०३१ ही संख्या घ्या. तिच्यातून १ वजा करून ४२९४९६७२९४ ने, म्हणजे २ × म ने, भागा. उत्तर ६८७४५ असे बाकीविना येते. ८ ने भागल्यावर तिची बाकी ७ आहे. दोन्ही चाळण्यांतून ती खाली आली. उरली खरी तपासणी: ‘पॉव’ ला पाया २, घातांक २१४७४८३६४७ आणि भाजक २९५२५७५२६६२६०३१ द्या. पडद्यावर १ उमटेल, आणि चौसष्ट कोटी अंकांची ती संख्या संयुक्त असल्याचे एक अंकही न लिहिता सिद्ध झालेले असेल.